हवेतली शिवण

आत्या सकाळपासून हवा शिवत होती.

सुईत दोरा नव्हता. खरं सांगायचं तर हातात सुईच नव्हती. पण दोन बोटांची चिमूट वर जायची, नसलेला दोरा ताणायची, हलका झटका देऊन गाठ बसवायची आणि पुढचा टाका घ्यायची. पन्नास वर्षं पुस्तकं शिवलेला हात तो. दोन टाक्यांमधलं अंतर तसूभरही चुकत नव्हतं. बाइंडिंगच्या खोलीत उंच खिडकीतून तिरपं ऊन उतरलं होतं आणि त्यात कागदाचा भुसा तरंगत होता. आत्याच्या लेखी तो भुसा नव्हता. ती अक्षरं होती, पानांवरून सुटलेली. संध्याकाळच्या आत ओवून परत जागेवर बसवली नाहीत तर मांडणीवरची सगळी पुस्तकं कोरी होणार होती. एवढी साधी गोष्ट घरात कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती, याचा तिला मनापासून राग आला होता.

समोर दाबाच्या यंत्रावर तिचा मधला भाऊ बसला होता. तेहतीस वर्षांत तो एका दिवसानंही म्हातारा झाला नव्हता. केस घामानं ओले होते आणि लहानपणीसारखे पाय हलवत होता.

"ताई, ते पट्ट्या घेऊन येतायत," तो म्हणाला.

"येऊ देत की," आत्या म्हणाली आणि डाव्या हातातली चामडं तासायची रापी तिनं आणखी घट्ट धरली.

दाराच्या अलीकडे घरातली उरलेली तीन माणसं उभी होती आणि तिघांची तीन मतं होती. यात नवल काही नाही. या घरात साधा पुठ्ठा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावरही आठवडा जातो.

"गाडी बोलवा," थोरले म्हणाले. बहात्तर वर्षांचे, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. "ती माणसं येतील, नेतील. त्यांना सवय असते."

"मागच्या वेळी बोलावली होती तीच गाडी का, दादा?" धाकट्यानं विचारलं. तळहाताला रुमाल गुंडाळून तो भिंतीला टेकला होता. सकाळी 'ताई, वेडेपणा करू नकोस, दे बघू ते' म्हणत रापी हिसकायला गेला होता. रापी ताईकडेच राहिली, धाकट्याला तेवढी खूण मिळाली. "त्यापेक्षा दार लावून घेऊ. दोन दिवसांत उतरेल. घरातलं घरात राहील."

"उतरलं नाही तर?"

"आणि बाहेर कळलं तर?"

थोरल्यांच्या पत्नी, वहिनी, मध्ये उभ्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्याला चाळीस वर्षं झाली, त्यातली तीस तरी त्या याच जागी उभ्या होत्या, दोन भावांच्या मधोमध. एकेकाळी या दोघांच्या मधे तिसरा असायचा. मधला. तेहतिसाव्या वर्षी तो दोन दिवस असाच बरळला, भिंतींशी बोलला, अंगावर धावून आला. वेड्यांच्या इस्पितळातून चार माणसं गाडी घेऊन आली आणि त्यांना झेपेना तेव्हा थोरल्यांनी पुस्तकाच्या पाठीला लावायच्या कापडी पट्ट्यांनी त्याचे हात बांधून दिले. तिसऱ्या दिवशी तो तिथेच गेला. कशानं, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तेव्हापासून या घरात 'ते' असं नुसतं म्हटलं की सगळ्यांना समजतं. पोरं परीक्षेच्या वेळी जागली तरी 'ते' आठवतं. कुणी एकटंच हसलं तरी आठवतं.

आज सकाळी थोरल्यांनी कपाटातून पट्ट्यांचं भेंडोळं काढून खिशात घातलं, ते वहिनींनी पाहिलं होतं. म्हणून नवऱ्याला न विचारता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक काम केलं. मागच्या जिन्यात जाऊन लेकीला फोन लावला.

लेक तीनच्या सुमाराला आली, ड्यूटीवरूनच, दवाखान्याच्या कपड्यांत. नाव चिमणी. लहानपणी मुठीत मावायची म्हणून पडलेलं. आता दारातून येताना खांदे जरा तिरके करावे लागतात, पण नाव काही बदललं नाही. दवाखान्यात तातडीच्या विभागात ती दहा वर्षं नर्स होती. भान हरपून ओरडत, मारत, पळत आलेली माणसं आधी तिच्याकडेच यायची.

तिनं पहिल्यांदा काकाचा रुमाल सोडून जखम पाहिली. मग दाराच्या फटीतून आत, बराच वेळ. मग आवाज न करता मागे आली.

"कधीपासून?"

"परवापासून," वहिनी म्हणाल्या.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी ठणठणीत. आदल्या दिवशी माझ्याशी कडाकडा भांडली. खळीत पाणी जास्त झालं म्हणून."

"म्हणजे ठणठणीतच. मधेमधे बरी होते?"

"काल संध्याकाळी तासभर अगदी शहाण्यासारखी बोलली. चहा मागितला. दिला, तर म्हणे यात मासे आहेत."

"पाणी पिते? लघवीला गेली?"

थोरल्यांनी तोंड फिरवलं. असल्या गोष्टी बाप्या माणसांसमोर विचारायची या घरात रीत नव्हती. वहिनींनी आवाज खाली आणला. "कालपासून नाही बहुतेक. पाणी सारखं मागते, पण मग विसरते."

"बाबा, अडुसष्ट वर्षांत आत्याला कधी असं काही झालं होतं?"

"नाही. पण मधल्यालाही आधी नव्हतं झालं. हे आपल्या रक्तात आहे, चिमणे."

"रक्तात काय आहे ते रक्त तपासल्यावर कळेल. या वयाचं माणूस दोन दिवसांत असं झालं, मधेच शुद्धीवर येतं, मधेच जातं, नसलेलं दिसतं, तर आम्ही आधी मनाकडे बघत नाही. आधी अंग बघतो. ताप, साखर, पोटात काय गेलं." ती थांबली. "मधल्या काकाला ताप होता का हो तेव्हा?"

प्रश्न साधा होता. धाकटा तेव्हा परगावी होता. वहिनी वर्षाच्या चिमणीला घेऊन वर बसल्या होत्या. थोरले भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले, जणू आज तारीख कुठली हा मोठा पेच होता.

चिमणीनं फोन लावला. "बाई, अडुसष्ट वर्षांच्या. अचानक भ्रम, दोन दिवस. हातात धारदार वस्तू आहे, पण बसून आहेत, कुणावर चालून आलेल्या नाहीत. हो, मी आहे इथे. गाडी पाठवा, पण भोंगा गल्लीच्या तोंडाशीच बंद करा." मग तिनं गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढली, कानातलं काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"कुणी ओढू नये म्हणून. आता ऐका. आत मी एकटी बोलणार. दार उघडं राहील आणि दारात कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही तिघं असे ओळीत उभे राहिलात तर मलासुद्धा पळून जावंसं वाटेल."

"आणि तिनं रापी उगारली तर?" थोरले म्हणाले.

"तर मी मागे येईन, बाबा. मला काही बक्षीस मिळवायचं नाही."

आत पाऊल टाकल्यावर चिमणीला आधी वास आला, खळीचा, चामड्याचा, जुन्या कागदाचा. याच टेबलाखाली तिचं लहानपण गेलं होतं. ऊन आता जमिनीवर आलं होतं आणि खोली पाण्याच्या तळाशी असावी तशी शांत होती. टेबलाच्या अलीकडे, आत्याचा हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ती थांबली.

"आत्या, मी चिमणी. बसू का इथे?"

"बस. पण भुशावर पाय देऊ नकोस. 'क'च्या ओळी पडल्यात तिथे."

चिमणी पाय जपून स्टुलावर बसली. तिनं हात मांडीवर उघडे ठेवले.

"बरेच टाके घातलेस."

"घालते की. कुणी मदतीला येईल तर शपथ." आत्याची जीभ टाळूला चिकटत होती, शब्द सुटे होत नव्हते. चेहरा लालबुंद झाला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या पसरल्या होत्या की डोळ्यांना दुसरा रंगच उरला नव्हता. "तुला दिसतोय ना तो?"

"कोण?"

"मधला. तुझ्या डाव्या हाताला बसलाय."

अशा वेळी हो म्हणणं सोपं असतं. नाही म्हणणं त्याहून सोपं. चिमणीनं डावीकडे पाहिलं. यंत्रावर ऊन होतं आणि वर्तमानपत्राचा एक गठ्ठा होता.

"मला नाही दिसत, आत्या. पण तुला दिसतोय हे कळतंय मला. काय म्हणतो?"

"म्हणतो पट्ट्या आल्यात घरात." रापी किंचित वर आली. "कुणाकडे आहेत? तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नाहीत. हे बघ." तिनं खिसे उलटे करून दाखवले. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आईनं फोनवर सगळ्यात आधी सांगितलं होतं ते हेच. आत्याला भास होत होते, पण पट्ट्यांचा भास नव्हता झाला. सकाळी भाऊ कपाट उघडताना तिनं पाहिलं असणार. "बाबांकडे आहेत," चिमणी म्हणाली. "खरं आहे ते. तुला बांधायचं नाही असं मी सांगते. बांधू देणार नाही."

"तू लहान आहेस. तुझं कोण ऐकतंय?"

चिमणीनं जागेवरूनच आवाज दिला. "बाबा. खिशातलं आणून इथे टेबलाच्या कडेला ठेवा. बोलू नका. ठेवा आणि मागे जा."

बाहेर थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी बाजूला झाल्या. त्यांना अडवायला नव्हे, वाट द्यायला. धाकटा, ज्याला गाडीही नको होती आणि चिमणीही, तो हळूच म्हणाला, "जा, दादा."

ती दहा पावलं थोरल्यांना आठवतात ती अशी: पायाखाली भुसा, अंगात हलकेपणा, डोकं गरगरतंय, आणि समोर धाकटी बहीण. अंगानं बारीक नि बोलायला टोकदार म्हणून लहानपणी तिला त्यांनीच 'सुई' नाव ठेवलं होतं. ती त्यांच्याकडे पाहत होती ती चाळीस कोसांवरून पाहिल्यासारखी. भेंडोळं ठेवताना त्यांचे हात इतके हलले की पट्टी सुटून टेबलभर उलगडली. पांढरी, बोटभर रुंद, चांगल्या विणीची.

आत्यानं पट्टीचं टोक उचललं. चिमटीत चोळून पाहिलं, जसं ती प्रत्येक कापड पाहायची. मग टेबलावर ताणून धरलं आणि रापीनं तुकडा पाडला. मग दुसरा, मग तिसरा. एकसारखे, पुस्तकात ठेवायच्या खुणेएवढे. शेवटचा तुकडा पाडून झाल्यावर तिनं रापी नेहमीच्या सवयीनं ओल्या फडक्यानं पुसली आणि तिच्या जागेवर, टेबलाच्या खाचेत ठेवली. काम संपलं की हत्यार जागेवर. भ्रम झाला म्हणून काही शिस्त जात नाही.

चिमणीनं खाचेवर पुठ्ठा सरकवला आणि मगच जवळ गेली. "हात धरू, आत्या?"

"धर. पण दोरा तोडू नकोस."

मनगट तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठक्क, घामाचा टिपूस नाही. नाडी एकशे तीस. चिमणीनं वर पाहिलं ते नेमकं वडिलांच्या हातांकडे.

"बाबा, तुमचे हात आज एवढे का थरथरतायत?"

"वय झालं."

"गेल्या आठवड्यात नव्हतं झालं. गोळ्या घेताय ना?"

"वेळच्या वेळी. गरगरतं जरा, पण घेतो."

"गोळ्यांची पेटी आणा, आई."

ही पेटी म्हणजे या घराचा दागिना. घरात काही उघडंवाघडं ठेवायचं नाही, हा आजोबांपासूनचा नियम. पोरांच्या वह्यांना कव्हर, विजेच्या मीटरला कव्हर, मग गोळ्यांनी काय पाप केलं? दुकानातून आणलेल्या चकाकत्या पट्ट्या या मंडळींच्या डोळ्यांना खुपायच्या. गोळ्या काढून रंगीत कागद लावलेल्या खणांत भरायच्या आणि पट्ट्या फेकून द्यायच्या. निळ्या लाटांचा कागद आत्याचा, रक्तदाबाच्या गोळ्यांचा. तांबड्या लाटांचा थोरल्यांचा, हात थरथरण्यावरच्या गोळ्यांचा.

कागद नवे कोरे होते.

"हे कधी बदललंत?"

"रविवारी," थोरले म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर खुललासुद्धा. "सुईचा निळा फार विटला होता. म्हटलं, तिला कळायच्या आत करून ठेवू. खूश होईल."

"गोळ्या कुठे ठेवल्या होत्या तेवढ्यात?"

"दोन बशांत."

चिमणीनं निळ्या खणातून एक गोळी घेऊन उन्हात धरली. पांढरी, बारीक, गोल. मग तांबड्यातली. तीही पांढरी, बारीक, गोल, पण मधोमध केसाएवढी रेघ. "आत्याच्या गोळीला रेघ असते, बाबा. मोडून अर्धी घेता यावी म्हणून."

थोरल्यांनी दोन्ही गोळ्यांकडे पाहिलं. सोन्याच्या अक्षरांतली केसाएवढी चूक दहा हातांवरून ओळखणारा माणूस.

"पाच दिवस ती तुमच्या घेतेय आणि तुम्ही तिच्या. तुमची गोळी या वयात चुकून कुणाच्या पोटात गेली की अशीच अवस्था होते. तोंड कोरडं, ताप, लघवी बंद, भास. आणि घेतलेली विसरून तिनं आणखी घेतल्या असणार. खण अर्धा झालाय."

"म्हणजे ते नाही?" वहिनींनी विचारलं. "'ते' नाही?"

"डॉक्टर तपासतील, रक्त बघतील. पण मला नाही वाटत. तुम्हालाही तपासायचंय, बाबा, गाडीत बसा. पेटी बरोबर घ्या."

धाकटा एकदम खाली बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजायचा थांबला. आत्या चिमणीच्या हाताला धरून, आपल्या पायांनी, बाहेर पडली. उंबऱ्याशी थांबून मागे वळून म्हणाली, "मधल्या, यंत्रावरून उतर. पडशील."

चौथ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीतूनही तसंच तिरपं ऊन आलं. आत्या उशांना टेकून बसली होती. एका हाताला सलाइन, डोळ्यांवर चष्मा. बाहुल्या पूर्ववत झाल्या होत्या आणि ताप परवाच उतरला होता. थोरले बाजूच्या खुर्चीत बसले होते. आपल्या गोळ्या परत मिळाल्या तरी हात अजून पुरते थांबले नव्हते.

"मी कुणावर रापी उगारली का रे, दादा?"

"धाकट्यावर."

"लागलं?"

"थोडं."

"मग ठीक." ती थोडी हसली. मग उन्हातल्या धुळीकडे पाहत राहिली. ती धूळच होती. तिला त्याचं थोडं वाईट वाटलं. "मधला आला होता. आता नाही येत."

थोरल्यांनी गुडघ्यावरची लेंग्याची घडी सारखी केली.

"सुये, चिमणीनं त्या दिवशी एक विचारलं. त्याला ताप होता का."

"हं."

"मी बोललो नाही. त्याचे हात भाजत होते गं. मनगटावर पट्टी गुंडाळताना बोटांना कळत होतं मला. मी म्हटलं, झटापट झालीय, म्हणून असेल. तेहतीस वर्षं तेच म्हणतोय. त्या माणसांना नुसतं म्हटलं असतं, याला ताप आहे. तीन शब्द."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी पाणी घेऊन आले होते," ती म्हणाली. "तू दार लावून घेतलंस."

"हो."

"मी बाहेर उभी होते. भांडं हातात धरून."

"माहीत आहे."

पलीकडच्या खाटेवरचं माणूस कूस बदलून परत झोपलं. आत्याच्या मनात माफी नव्हती आणि रागही पूर्वीइतका उरला नव्हता. ती फार दमली होती. तिनं सलाइन नसलेला हात पांघरुणाबाहेर काढला आणि भावापुढे उताणा ठेवला.

"बघ."

"काय?"

"हात. बघ म्हणते ना."

थोरल्यांनी आपल्या थरथरत्या बोटांनी तिचं मनगट धरलं, बरोबर तिथे, जिथे पट्टी गुंडाळतात.

"गार आहे," ते म्हणाले.

"नीट बघ."

त्यांनी दुसरा हातही वर ठेवला आणि डोळे मिटले. ऊन पांघरुणावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून छताकडे गेलं, तरी ते नीट बघतच होते.